सत्यवतीच्या बरण्या आणि माझं मडकं

गेल्या मे महिन्यात मुंबईहून आलेल्या एका बाईंनी माझ्या तोंडासमोर मोबाइल धरला आणि सत्यवती वहिनींबद्दल दोन शब्द बोला म्हणाल्या. मी म्हणालो, "वहिनी फार कष्टाळू आहेत. आम्हा सगळ्यांना त्यांचा अभिमान वाटतो." यातलं पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं साफ खोटं. अभिमान-बिभिमान काही नाही, माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं सहा वर्षांचं जुनं होतं. मोबाइलसमोर असलं बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो. मी दहावी पास आहे, गावातले अर्ज माझ्याच हातचे असतात, तेव्हा एका बाईचं चरित्र लिहायला मला कुणाची परवानगी नको.

रेवस आणि मांडव्याच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव आहे. सत्यवती आगऱ्यांची, मी भंडारी. तिचा नवरा माझा शाळेपासूनचा दोस्त, म्हणून ती माझी वहिनी आणि मी तिचा नामा भावजी. आता साठीची आहे. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की बांधावर उभी राहून शेळीला हाक मारली तर शेजारच्या वाडीतली शेळीही मान वर करते. दोन एकरांत तिचा सगळा संसार. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच खाचरात वाल, कडेच्या पट्टीत पांढरा कांदा, पाच शेळ्या, पंचवीसेक कोंबड्या, चौदा माड आणि चार जुन्या जांभळी. त्या जमिनीत युरियाचा दाणा कधी पडला नाही. त्याचं कारण मला ठाऊक आहे. तिचा नवरा एकदा खतवाल्याशी भांडला आणि मरेपर्यंत त्या दुकानाची पायरी चढला नाही. शेण, राख आणि मासळी धुतलेलं पाणी यांवर त्यांची शेती चालली. आम्ही त्याला चिक्कूपणा म्हणायचो. आता मांडव्याला बोटीतून उतरून येणारे पाहुणे त्यालाच ऑरगॅनिक म्हणतात आणि फोटो काढतात.

तिच्या जांभळाच्या वाइनचंही तसंच. तिच्या नवऱ्याला साखरेचा आजार होता. कुणीतरी सांगितलं, जांभळाचा रस द्या. सत्यवतीनं त्या साली चिनीमातीची एक मोठी बरणी भरून रस काढला आणि पडवीत ठेवला. आठवडाभरात नवरा गेला. दिवसकार्याच्या गडबडीत बरणीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. महिन्याभरानं तिनं झाकण उघडलं तर आत फेस आणि नाकात शिरणारा वास. तिनं मला हाक मारली. आंबलेल्या गोष्टीतलं गावात कुणाला कळत असेल तर मला, कारण आमच्या तीन पिढ्या माडी काढण्यात गेल्या. मी बोट बुडवून चाखलं, मग वाटी घेतली, मग दुसरी वाटी घेतली. म्हणालो, "वहिनी, नासलं न्हाय, चढलंय." तिच्या वाइनला जगातलं पहिलं सर्टिफिकेट मी दिलं. माझ्या हातून झालेली ही पहिली चूक.

दुसऱ्या साली तिनं तीन बरण्या भरल्या, तिसऱ्या साली सहा. आता अकरा भरते. करते काय, तर जांभळं झाडाखाली साडी पसरून त्यावर पाडते आणि धूत नाही. हातानं कुस्करते, बिया काढते आणि साली-गरासकट बरणीत टाकते. साखर नाही, कसली पावडर नाही. लाकडी दांड्यानं सकाळ-संध्याकाळ ढवळते. दोन दिवसांत बरणी उठते, म्हणजे साली फुगून वर येतात आणि आतून फसफस ऐकू येते. मग कपडा बांधायचा, पुढे गाळायचं आणि थंडीपर्यंत वाट बघायची. उरलेला चोथा शेळ्यांना. तो खाऊन शेळ्या दुपारभर गोठ्याला टेकून उभ्या राहतात आणि त्यांच्याही चेहऱ्यावर कौतुक दिसतं. तिची मुलगी नेत्रा पनवेलला नोकरीला आहे, तिनं दोन वर्षं खेटे घालून फळांच्या वाइनचा परवाना काढला. पण ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीचा पहिला अर्ज कुणी लिहिला? मीच. तो कागद अजून दप्तरात असेल. ही दुसरी चूक.

आता माझं सांगतो. तिच्या चौदा माडांपैकी पाच मी माडीसाठी घेतले आहेत, रीतसर, नंबर घातलेले. उजाडताना वर चढतो, पोय म्हणजे माडाचा कोवळा फुलोरा तासतो, मडकं उतरवतो, दुसरं बांधतो. संध्याकाळी पुन्हा तेच. छप्पन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, तरी चढतो. माडीत आम्ही तरी काय घालतो? वर बांधलेल्या मडक्यात ती आपल्या आपण आंबते. माझी मडकी मी साबणानं घासत नाही, नुसती विसळतो. तळाचा साका राहू देतो, कारण पुढच्या माडीला विरजणासारखा तोच लावतो. हे आजोबांनी बापाला सांगितलं, बापानं मला. म्हणजे आमचंही सगळं नैसर्गिकच की. पण आमच्याकडे कधी कुणी गाडी घेऊन आलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. तिचं मात्र पिकलंही तिथेच आणि विकलंही तिथेच.

माडी गाळायला सावली लागते. नवरा गेल्यावर सत्यवतीनं आपणहून सांगितलं होतं की आमच्या पडवीतल्या कट्ट्यावर बसा, मडकी तिथेच ठेवा, भाडं नको. मला वाटलं, दोस्ताच्या आठवणीखातर देते. कट्ट्याला लागून तिच्या बरण्यांची रांग. म्हणजे सहा वर्षं मी त्या पाहुण्यांच्या पायांत बसून माडी गाळत होतो आणि ते मला ओलांडून बरण्यांकडे जात होते.

मेमध्ये ज्या बाई आल्या, त्या फ्रान्समधल्या एका खेड्यात वर्षभर राहून आलेल्या. तिथल्या शेतावर द्राक्षं, गहू, गाई, कोंबड्या सगळं एकत्र, आणि म्हातारा शेतकरी द्राक्षं न धुता पायानं तुडवून वाइन करतो. फोटो दाखवला. गोठा बघितला, शेण आपल्यासारखंच होतं. बाई समजावून सांगत होत्या की विकतचं खमीर घालायचं नाही, फळाच्या सालीवर आणि त्या जागेच्या हवेत जे असतं तेच काम करतं. सत्यवती मान डोलवत ऐकत होती, जणू फ्रान्समध्ये तिचं माहेर आहे.

मलाही हुक्की आली. सकाळची ताजी माडी होती, मी स्टीलच्या पेल्यातून बाईंच्या सोबत आलेल्या गृहस्थांपुढे धरली. ते अर्धं पाऊल मागे सरले. म्हणाले, लोकल आहे ना, पोट बिघडेल. मग त्यांनी सत्यवतीची वाइन घेतली, डोळे मिटले आणि म्हणाले की हिला किंचित गोठ्याचा वास येतो, फारच सुंदर. हे ऐकूनही मी गप्प बसलो असतो. पण बाईंनी माझ्याकडे बोट करून विचारलं की हे कोण. सत्यवतीनं वळूनही बघितलं नाही.

"ते होय? ते आमचे माडवाले."

भावजी नाही, नामा नाही. माडवाले. जसे दूधवाले, पेपरवाले. नंतर मोबाइलसमोर अभिमानाचं वाक्य मी बोललो ते हे ऐकल्यावर, तेव्हा माझ्या मनाचा मोठेपणा लक्षात घ्यावा.

त्याच संध्याकाळी मी माझी नऊच्या नऊ मडकी कट्ट्यावरून उचलली आणि सायकलला टांगून घरी आणली. माड सोडले नाहीत, ते हक्काचे. पण माडी गाळायची ती आमच्या अंगणात. सत्यवती दारात उभी होती. का नेता, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, तुमच्या पाहुण्यांना अडचण होते. तिची नजर सायकलला टांगलेल्या मडक्यांवरून हलेना. माझी बायको केसर मडकी बघून हसली. म्हणाली, "तुमच्या पोटातल्या माडीचा शिरका झालाय." मी मडकी अंगणात ओळीनं मांडायला लागलो.

महिनाअखेरीला जांभळं उतरली. माडावरून मला तिची पडवी सरळ दिसते. सत्यवती आणि नेत्रा दोन दिवस कुस्करत होत्या, कोपरापर्यंत हात जांभळे. अकरा बरण्या भरल्या. तिसऱ्या दिवशी मी वर चढलो तेव्हा ती बरणीला कान लावून बसली होती. चौथ्या दिवशीही कान लावून. पाचव्या दिवशी केसर पाणी भरून आली आणि म्हणाली की वहिनींच्या बरण्या उठल्या नाहीत, एकही नाही. रस नुसता पडून आहे, दोन बरण्यांवर पांढरट बुरशी धरायला लागली आहे. अजून दोन-तीन दिवस असं राहिलं तर सगळं ओतून द्यायचं, वर्षभराची जांभळं उकिरड्यावर. डिसेंबरात त्या फ्रान्सवाल्या बाई पंचवीस माणसं घेऊन यायच्या होत्या. त्यांच्यापुढे ठेवायला पाणी.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. फ्रान्सच्या हवेला बोलवा म्हणावं आता. केसरनं माझ्याकडे असं बघितलं की तिसरी भाकरी मी मागितली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मी मडकं उतरवून खाली आलो आणि पडवीवरून जाताना माझं लक्ष कट्ट्यावर गेलं. माझ्या जागी, जिथं सहा वर्षं माझं मोठं मडकं असायचं, अगदी त्याच वर्तुळाच्या डागावर, एक मडकं ठेवलेलं होतं. माझं नव्हतं. गळ्याला हिरवी नायलॉनची दोरी. अशी दोरी आमच्या बाजूला एकच माणूस वापरतो, शेजारच्या गावचा अल्पेश.

तोवर मला वाटत होतं की मत्सर म्हणजे काय ते मला कळलंय. काहीच कळलं नव्हतं. लोक तिची वाइन पितात, पिऊ देत. फोटो काढतात, काढू देत. पण माझ्या जागेवर परक्याचं मडकं? माझ्या कानशिलांतून वाफ निघायची बाकी राहिली. साठीच्या बाईच्या कट्ट्यावरचं एक मडकं बघून छप्पन्न वर्षांच्या माणसाचा जीव असा का जळावा, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी चपला न काढता पडवीत चढलो.

"हे कुणाचं?"

सत्यवती बरणीपाशी बसली होती. चेहरा सहा दिवसांत उतरला होता. "अल्पेशचं," ती म्हणाली. "मागून आणलं."

"कशाला?"

तिच्या हातात ढवळायचा दांडा होता आणि त्याच्या टोकाला पांढरं काहीतरी लागलं होतं. मी मडक्यात हात घातला. बोटं पांढरी झाली. चुना. मला हसावं की ओरडावं कळेना. अल्पेश नीरा विकतो. नीरा आंबू नये, गोड राहावी म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यात खमीर जगत नाही, आंबणं थांबवायचाच तो उपाय. या बाईनं आंबवण्यासाठी नेमकं न आंबवणारं मडकं आणून ठेवलं होतं. हे मी तिला सांगितलं आणि मग आणखी एक विचारलं.

"दांडा मडक्यात बुडवलात कशाला, वहिनी?"

ती भिंतीला टेकली. मग खाली बघत बोलली, हळू आवाजात, तो शेळ्यांना हाक मारणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"दरसाल पयल्या दिशी तुम्ही दुसऱ्या माडावर चढलात का मी दांडा तुमच्या मडक्यात बुडवायची. साका लागला का मंग बरण्या ढवळायची. सहा वरसं. पयली बरणी दिवसकार्यात तुम्ही ठेवलेल्या मडक्याच्या शेजारी होती म्हणून उठली, ते मना तवाच समजलं होतं."

म्हणजे कट्टा दोस्ताच्या आठवणीखातर नव्हता. भाडं नको म्हणाली ते मडक्यापायी. जागेची हवा, जागेची हवा म्हणून त्या बाई ज्याचं कौतुक करत होत्या, ती हवा माझ्या मडक्याच्या तळाशी होती. माझ्या बापाची, आजोबांची.

"मग सांगितलं का न्हाय?"

आता तिनं वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण त्याच्यामागे राग होता, आणि तो राग मी ओळखला, कारण तसलाच मी सहा वर्षं घरी पाळला होता.

"कशाला सांगू? जन्मात पयल्यांदा कोन मना बघाला आलं, भावजी. घरचा माणूस गेला, पोर नोकरीला गेली, मना कोन विचारत होता? तुम्हाला सांगितलं असतं तर ते लोक तुमच्याकडे बघाला लागले असते. त्या दिशी त्या बाईनं विचारलं तवा माझा जीव धडधडला. म्हणून माडवाले बोलले. भावजी बोलले असते तर ती तुमच्यापाशी बसली असती."

मी कट्ट्यावर बसलो. मी तिच्यावर जळत होतो आणि ती मला भीत होती. एकाच पडवीत, चार हातांच्या अंतरावर. गावात कुणाला सांगितलं तर हसून लोळतील.

त्या क्षणी मला उठून जाता आलं असतं. एक मन म्हणालंही की जा, सडू देत अकराच्या अकरा, मग डिसेंबरात त्या बाईंना खरं काय ते सांग. मला तिची दया आली म्हणून मी थांबलो असं लिहिलं तर वाचायला चांगलं वाटेल. पण कारण ते नव्हतं. कारण ते हिरव्या दोरीचं मडकं. ते तिथे असेपर्यंत मला घरी अन्न गोड लागलं नसतं. मी ते उचललं, सायकलला बांधलं, घरी गेलो, माझं मोठं मडकं घेतलं, तळाच्या जाड साक्यासकट, आणि परत आलो. ते त्याच डागावर ठेवलं.

"आता माझ्यासमोर बुडवा," मी म्हणालो.

सत्यवतीनं दांडा धुतला, पुसला आणि माझ्यासमोर मडक्यात बुडवला. बुरशी धरलेल्या दोन बरण्या ओतून दिल्या, त्या वाचण्यासारख्या नव्हत्या. उरलेल्या नऊ तिनं एकेक करून ढवळल्या. प्रत्येक वेळी दांडा पुन्हा मडक्यात, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून. मी मोजत होतो, एकही चुकवू दिली नाही. मग अल्पेशचं मडकं घेऊन भर उन्हात सहा किलोमीटर सायकल मारली आणि त्याच्या दारात नेऊन ठेवलं. त्यानं विचारलं की काकूंचं काम झालं का. मी म्हणालो, त्यांना आता लागणार न्हाय, पुन्हा मागितलं तरी देऊ नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी केसर सांगत आली की वहिनींच्या बरण्या उठल्या. मला आधीच ठाऊक होतं. सकाळी माडावरून मी फसफस ऐकली असं म्हणालो तर कुणाला पटणार नाही, पण सत्यवतीचा आवाज ऐकला. ती शेळ्यांना हाक मारत होती.

डिसेंबरात बाई आल्या, पंचवीस माणसांसकट. पडवीत बसायला जागा नव्हती. बाईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या की या वर्षीची सगळ्यांत चांगली झाली आहे, यंदा काय वेगळं केलंत. सत्यवतीच्या हातातला पेला थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कट्ट्यावर माडी गाळत होतो. मला सांगता आलं असतं, आणि तिनं अडवलं नसतं, एवढं तिच्या तोंडावर दिसत होतं. सहा वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होतो.

मी म्हणालो, "काय न्हाय. जांभळं धुवायची न्हाईत, येवढंच."

पुन्हा एकदा लिहितो, हा मोठेपणा नाही. ते गुपित आता दोघांचं होतं. पंचवीस जणांत वाटलं असतं तर माझ्या वाट्याला किती उरलं असतं?

निघताना बाईंची नजर माझ्या मोठ्या मडक्यावर गेली. काळं, तेलकट, गळ्याला काथ्या. त्यांना ते फार आवडलं. मुंबईच्या घरी दिवाणखान्यात शोभून दिसेल, विकत द्याल का, असं म्हणत त्यांनी ते उचलायला हात घातला. मी तोंड उघडायच्या आत सत्यवती दोघांच्या मध्ये उभी राहिली. पाहुण्यांशी ती कधी वरच्या आवाजात बोललेली मी ऐकली नव्हती.

"त्याला हात लावायचा न्हाय, बाई. ते आमच्या भावजींचं हाय."

बाईंनी हात मागे घेतला आणि ओशाळून हसल्या. सत्यवतीनं मडकं उचलून माझ्या बाजूला सरकवलं, डागावर नीट बसवलं आणि पुन्हा पेले भरायला गेली. तिचे कान लाल झाले होते. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि माझा संध्याकाळचा माड राहिला होता. मी कमरेला कोयता खोचला आणि वर चढलो. अर्ध्यावर थांबून खाली बघितलं, मडकं जागेवर होतं.